अपर्णा सेन: आधी ‘परमा’ की ‘पारमितार एक दिन’?

बंगाली दिग्दर्शिका अपर्णा सेन यांचा एकच सिनेमा बघायचा तर कोणता, असं विचारलं की बहुतेक जण ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) सांगतात. पहिल्याच सिनेमाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि जेनिफर केंडलने उभी केलेली एकाकी शिक्षिका मनातून जात नाही. तिच्या एकटेपणात म्हातारपण आहे, कलकत्त्यात मागे राहिलेला अँग्लो-इंडियन समाजही आहे. पण बाईच्या संसारातल्या जागेबद्दल काही शोधत असाल, तर त्यांचे हे दोन बंगाली सिनेमे निवडा.

‘परमा’ (१९८५) मधल्या परमाला (राखी) घरात नावाने हाक मारणारं जवळपास कुणी नाही. ती कुणाची सून, कुणाची काकी, कुणाची आई. एक छायाचित्रकार तिचे फोटो काढतो, ती त्याच्यात गुंतते, आणि फोटो मासिकात छापून आल्यावर घरचे तिच्याकडे पाठ फिरवतात. शेवटी रुग्णालयात तिच्या अपराधी भावनेवर उपचारांची गोष्ट निघते, तेव्हा ती सांगते की मला अपराधी वाटतच नाही. कधीपासून न आठवणारं एका रोपाचं नाव तिला तिथेच आठवतं: कृष्णपल्लवी. त्या एका शब्दासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघेन. तरी एक गोष्ट मला सलते. तिला जाग यायला परका पुरुषच का लागावा?

‘पारमितार एक दिन’ (२०००) मध्ये ती अडचण उरत नाही. सासूच्या श्राद्धाला तिची एकेकाळची सून पारमिता त्या घरी येते आणि जुने दिवस उलगडत जातात. सासूची मुलगी स्किझोफ्रेनियाने आजारी, सुनेच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. दोघी एकमेकींना समजू लागतात त्या या दुखऱ्या मुलांमुळे. सून घटस्फोट घेऊन दुसरा संसार मांडते, सासूला ते पचत नाही. तरी तिच्या शेवटच्या आजारपणात शुश्रूषेला येते ती हीच. कागदावर नातं संपलेलं, तरी ती येते! सासूचं काम स्वतः अपर्णा सेन यांनी केलंय. सौमित्र चटर्जींनी केलेला तिचा जुना चाहता घरी येतो तेव्हा तिचा चेहरा बघा. स्वतःला जे जमलं नाही ते सुनेने केलं, हे तिला इतकं का लागलं असेल, ते तिथे कळतं.

माझं मत ‘पारमिता’ला. ‘परमा’ त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी.