एका कानाने ऐकलेलं सारेगमप लिटिल चॅम्प्स

आधीच सांगते, लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या या कार्यक्रमाची मी जुनी भक्त आहे. 2008 ला झी मराठीवर लिटिल चॅम्प्सचं पहिलं पर्व सुरू झालं तेव्हा मी आठवीत होते, आणि सोमवार-मंगळवारी आमच्याकडे जेवणं लवकर उरकायची. माझी एक वही होती, तिच्यात प्रत्येक गाण्याला परीक्षकांनी, म्हणजे अवधूत गुप्तेंनी काय दिलं, वैशाली सामंतने काय दिलं ते लिहायचं. मार्क सुद्धा किती छान, आकडे नाहीतच, ध, नि, आणि खरंच काळीज हललं तर वरचा सा! कुणाला वरचा सा मिळाला की मी वहीत लाल पेनने गोल करायचे आणि बाबांच्या मोबाईलवरून गुपचूप मतांचे एसेमेस जायचे. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, आणि शेवटच्या पाचात तिच्यासोबत आर्या आंबेकर, रोहित राऊत, प्रथमेश लघाटे आणि ती एवढीशी मुग्धा वैशंपायन. पुढे 2023 च्या डिसेंबरात मुग्धा-प्रथमेशचं लग्न झालं तर आईने आमच्या घरी शिरा केला, इतके ते पाचही जण घरचेच वाटतात.

तर अशा माणसाने आता हा कार्यक्रम कसा वाटतो ते लिहायचंय, आणि खरं सांगायचं तर मन जरा डळमळलंय.

मुलगी आठ महिन्यांची आहे. रात्री दोनदा उठते, एकदा साडेबाराच्या आसपास आणि एकदा पहाटे चारला, आणि अंगावर पिऊन परत झोपायला तिला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मी मोबाईलवर 2023 चं पर्व लावायला लागले, कारण ते माझं तेव्हा अर्धवट राहिलं होतं. टीव्ही लावायचा प्रश्नच नाही. सुरुवातीला तर आवाजही बंद ठेवायचे, नुसतं चित्र. आणि चार-पाच रात्रींनी माझ्या लक्षात आलं की आवाज बंद असूनही मला सगळं कळतंय. कुणाचं गाणं रंगलं ते कळतंय, कोण रडतंय, कोण उभं राहून टाळ्या वाजवतंय, कुठल्या सिरीयलची मंडळी पाहुणी आलीयत, कोण कुणाची गंमत करतंय. फक्त गाणं तेवढं कळत नाही! गाण्याच्या स्पर्धेत असं व्हावं हे मला खरंच लागलं.

मग मी उलटं केलं. फोन उशीवर पालथा टाकला आणि वायरवाल्या इयरफोनचं एकच बोंडूक कानात घातलं, दुसरा कान बाळासाठी मोकळा, कारण तिचा श्वास ऐकू आला नाही तर मला चैन पडत नाही. आता चित्र नाही, नुसता आवाज. आणि हीच माझी परीक्षा झाली म्हणा, की अंधारात, एका कानाने, झोपेच्या तारेत ऐकून एपिसोड टिकतो का.

2023 च्या पर्वातली गाणी टिकतात, हे आधी ठणकावून सांगते. पोरं भन्नाट गातात, सुराला पक्की, आणि आमच्या वेळच्या मुलांपेक्षा तयारीची वाटतात. परीक्षक सुरेश वाडकर, सलील कुलकर्णी, वैशाली म्हाडे बोलायला लागले की कान टवकारतात, शब्द कुठे तोडायचा आणि श्वास कुठे घ्यायचा असलं काही निघालं की मी पाजता पाजता मान डोलावते. पण दोन गाण्यांच्या मधे जे भरलेलं असतं ना, ते नुसतं ऐकलं की अगदी पोकळ लागतं. ढँढँढँ म्युझिक, मग शांतता (तेव्हा चेहरे दाखवत असणार), मग परत तेच ढँढँ, मग हशा, आणि आपण वाट बघत बसायचं की पुढचं पोरगं कधी गाणार. बाळ झोपायच्या आत दोन गाणी ऐकून झाली तर ती रात्र चांगली.

म्हणून यूट्यूबवर 2008 च्या मिळतील तेवढ्या क्लिपा शोधल्या. प्रिंट धुरकट, पण मला कुठे बघायचंय. सूत्रसंचालन करणारी पल्लवी जोशी मुलांशी इतकं नॉर्मल बोलते, मुग्धाला लिटल मॉनिटर म्हणणं काय, प्रथमेशला मोदक म्हणणं काय, आपल्या वाड्यातली मुलं असल्यासारखं. आणि वाद्यमेळ, देवा! कमलेश भडकमकर सगळ्यांना घेऊन, अमर ओकची बासरी, निलेश परबची ढोलकी, अर्चिस लेलेचा तबला, सत्यजित प्रभू कीबोर्डवर. लहान पोर कडव्याआधी जरा गडबडलं तर ही माणसं त्याला अलगद सांभाळून घेतात असं मला ऐकू येतं, आठवीत असताना मला हे कळलंच नव्हतं कारण मी मार्क लिहिण्यात गुंग असायचे. माझं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचे, सतारींसाठी भोपळे वाळत घातलेले, कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत, म्हणजे तारांचा झंकार जुळवत बसलेलं, तो झंकार कानात बसलाय, त्यामुळे वाद्यांबद्दल मी जरा जास्तच बोलते.

एका पहाटे गंमत झाली. मुलगी पितापिता हात मारते, तिच्या मुठीत वायर आली आणि पिन निघून एकदम फोनमधून मोठ्याने अभंग सुरू झाला. मला वाटलं आता उठून बसणार, घर डोक्यावर घेणार. तिने दूध सोडलं आणि मान वळवली. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब तसाच, डोळे मोठ्ठे, टाळ वाजला की पायाची बोटं आखडायची आणि परत सोडायची. सबंध कडवं ऐकलं तिने. टाळ्या सुरू झाल्यावर मात्र भोकाड पसरलं.

आणखी एक गोष्ट बदललीय. स्पर्धक बाहेर पडतो तो एपिसोड मी आता लावतच नाही. पूर्वी माझा आवडता वाचला की मी उड्या मारायचे, गेला त्याचा विचारही मनात यायचा नाही. आता नऊ-दहा वर्षांचं पोर ओठ घट्ट मिटून 'थँक्यू' म्हणतं तेव्हा आवाजातच कळतं की घशाशी काय आलंय, आणि मला ते ऐकवत नाही. मुलांच्या पर्वात कुणाला काढू नये असं माझं मत झालंय, गाऊ द्या की सगळ्यांना शेवटपर्यंत! 2008 ला पाचही जण महाअंतिम फेरीत होते आणि कोण जिंकलं यापेक्षा त्या पाचांना पडलेलं नाव, पंचरत्न, हाच शब्द लोकांच्या तोंडी राहिला ना?

2021 ला त्याच पाच जणांना ज्युरी म्हणून बसवलं होतं, सूत्रसंचालनाला मृण्मयी देशपांडे. तेही थोडं ऐकलं. ते नव्या मुलांशी बोलतात तेव्हा आवाजात एक काळजी येते, कारण त्या जागी कसं वाटतं ते त्यांना माहितीये. मला ते पर्व त्यासाठीच आवडलं.

मार्क द्यायचेच तर 2008 ला वरचा सा, लाल गोलासकट. 2021 ला नि. 2023 च्या गाण्यांना नि आणि मधल्या भरतीला म, तोही मायेपोटी. ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी सबंध एपिसोड लावू नका, सुट्या गाण्यांच्या क्लिपा लावा, आवाज तीनच्या वर नको, आणि शेवटच्या टाळ्यांच्या आधी बोट तयार ठेवा.

पुढचं पर्व आलं तर बघणार का असं नवरा विचारत होता. ऑडिशनचे पहिले दोन आठवडे नक्की, मुलं घाबरत घाबरत येतात आणि तोंड उघडतात ते माझ्याने चुकवणं होणार नाही. वही आईने अजून ठेवलीय, मिरजेहून येताना घेऊन ये म्हटलंय तिला.