स्वतःचं नाव की स्टुडिओचं, डॉट कॉम की डॉट इन: कलाकारांसाठी डोमेनची निवड

चित्रकार, कॅलिग्राफर, छायाचित्रकार, मातीकाम करणारे, हातमागाच्या साड्या विकणारे, दागिने घडवणारे अशा सगळ्यांना डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घेताना दोन निर्णय घ्यावे लागतात: नाव कोणतं आणि त्यामागचं एक्स्टेन्शन, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन असा शेवटचा भाग, कोणतं. बहुतेक जण दुसऱ्यापासून सुरुवात करतात. डॉट कॉममध्ये काय शिल्लक आहे ते बघतात आणि जे सापडेल त्यावर समाधान मानतात. मग ते नाव व्हिजिटिंग कार्डावर, चित्रामागच्या लेबलवर, पिशवीवर छापलं जातं आणि बदलायची सोय राहत नाही. म्हणून आधी नाव ठरवा.

माझा कौल असा. एकट्याने काम करत असाल तर स्वतःचं पूर्ण नाव घ्या. भागीदार असतील, हाताखाली कारागीर असतील किंवा उद्या धंदा दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल, तर वेगळं घडवलेलं नाव घ्या. एक्स्टेन्शन डॉट कॉम मिळालं तर तेच, नाहीतर डॉट इन. बाकीचे पर्याय जोडीला चालतील, एकटे शक्यतो नकोत.

स्वतःचं नाव की व्यवसायाचं

कलाकाराचं काम बदलत जातं. आज जलरंगात निसर्गचित्रं करणारा पाच वर्षांनी धातूची शिल्पं करतो. लग्नाचे फोटो काढणारी वन्यजीवांकडे वळते. डोमेनमध्ये ‘वॉटरकलर’ किंवा ‘वेडिंग’ असा शब्द असला की नव्या कामाला तो पत्ता खोटा ठरतो. पूर्ण नावाला ही अडचण नाही. शिवाय प्रदर्शनात चित्र पाहिलेला माणूस घरी जाऊन शोधतो ते तुमचं नाव. मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या भिंतीवर लागलेल्या चित्राखाली स्टुडिओचं नाव नसतं, तुमचंच असतं.

बायकांच्या बाबतीत आडनावाचा प्रश्न येतो. लग्नानंतर आधार कार्डावर एक नाव, जुन्या कॅटलॉगवर दुसरं. इथे सरकारी कागद बाजूला ठेवा. कामावर सही ज्या नावाने करता, तेच डोमेनचं नाव. डोमेनच्या नोंदणीत नोंदणीधारक म्हणून कायदेशीर नाव लागतं, पण ते वेगळ्या रकान्यात जातं. पत्त्याशी त्याचा संबंध नाही.

जोशी, पाटील, कुलकर्णी, देशमुख असाल तर नाव बहुधा आधीच कुणीतरी घेतलेलं असेल. मग मधल्या नावाचं आद्याक्षर घालावं की मागे ‘स्टुडिओ’ जोडावं? मी ‘स्टुडिओ’च्या बाजूने आहे. मधलं एक अक्षर लोक विसरतात आणि तुमच्यासाठी लिहिलेला ईमेल दुसऱ्याच जोशींना जातो. ‘स्टुडिओ’ हा शब्द कोणत्याही माध्यमाला बांधलेला नाही, ‘पेंटिंग्ज’ मात्र आहे.

आता दुसरी बाजू. दोघी मैत्रिणी मिळून ब्लॉकप्रिंटचं काम करत असतील तर एकीच्या नावाचा पत्ता पहिल्याच वर्षी कुरबुरीचं कारण होईल. चार कारागीर असलेल्या कार्यशाळेत प्रत्येक वस्तू मालकाने घडवलेली नसते, तिथेही वेगळं नाव हवं. मात्र ते नाव घडवलेलं हवं, नुसतं वर्णनाचं नको. ‘वारली आर्ट’ किंवा ‘कोल्हापुरी चप्पल’ यांसारखी नावं शोधणाऱ्याला लगेच कळतात, हा त्यांचा मोह खरा आहे, पण त्यांवर हक्क सांगता येत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे. ते एका दुकानाचं होणार नाही. शेजारचा तसंच डोमेन घेईल, फक्त मागे ‘शॉप’ जोडून, आणि तुम्हाला काही करता येणार नाही.

नाव जितकं वेगळं, तितका कायद्याचा आधार भक्कम. २००० साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादासमोर दोन कलावंतांच्या तक्रारी आल्या. ब्रिटिश कादंबरीकार जेनेट विंटरसन यांनी आपल्या पूर्ण नावाची डोमेन्स परत मिळवली. स्टिंग हा गायक जगभर प्रसिद्ध असूनही हरला, कारण त्याने घेतलेलं नाव इंग्रजीतला रोजचा शब्द होता आणि समोरच्याचा वाईट हेतूही सिद्ध झाला नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटली यांच्या नावाच्या डोमेनच्या वादात व्यक्तीच्या नावालाही ते संरक्षण दिलं.

तरी भांडायची वेळ येऊ न देणं बरं. डॉट कॉमच्या एका नावाची तक्रार जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादासमोर चालवायची तर नुसतं शुल्कच १,५०० डॉलर आहे. त्या मानाने ट्रेडमार्कचा अर्ज स्वस्त. व्यक्तीने किंवा छोट्या उद्योगाने ऑनलाइन भरला तर एका वर्गासाठी, म्हणजे वस्तू किंवा सेवेच्या एका प्रकारासाठी, ४,५०० रुपये. छापील चित्रं वर्ग १६ मध्ये, दागिने १४ मध्ये, मातीची भांडी २१ मध्ये, कपडे २५ मध्ये, शिकवण्या आणि कार्यशाळा ४१ मध्ये. डोमेन घेतल्याने ट्रेडमार्क मिळत नाही. म्हणून घडवलेलं नाव पक्कं करण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क शोधात ते आधीच कुणाचं आहे का, हे बघाच. हा शोध फुकट आहे.

फोनवर सांगून बघा

मराठी नाव रोमन लिपीत बसवताना सगळ्यात जास्त गळती होते. ‘वैशाली’ व्ही ने की डब्ल्यू ने? ‘अक्षर’मधल्या क्ष ला के एस एच की एक्स? ‘ज्ञ’ डी ने सुरू करायचा की जी ने? ‘आ’साठी एक ए की दोन? ‘ळ’ला तर रोमनमध्ये स्वतंत्र अक्षरच नाही. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तुम्ही वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने लिहीत आला असाल, तेच ठेवा. पण व्यवसायासाठी नवं नाव घडवत असाल तर ज्याचं स्पेलिंग दोन प्रकारे होऊ शकतं असा शब्द सोडून द्या, कितीही गोड वाटला तरी. ‘रंग’, ‘माती’, ‘सूत’, ‘दोरा’ हे शब्द तोंडात छोटे वाटतात, पण ‘सूत’ला यू की डबल ओ, ‘दोरा’ला शेवटी एक ए की दोन, असा घोळ होतोच. परीक्षा साधी आहे: नाव दोन-तीन जणांना फोनवर फक्त उच्चारून सांगा आणि त्यांना टाइप करून पाठवायला लावा. सगळ्यांनी एकसारखं पाठवलं नाही, तर एक तर नाव बदला किंवा दोन्ही स्पेलिंगची डोमेन्स घेऊन एकावरून दुसऱ्यावर वळवा.

आडवी रेघ आणि आकडे टाळा. नियमाने दोन्ही चालतात, पण फोनवर सांगताना घोळ होतो.

एक्स्टेन्शन: चार मुख्य पर्याय

डॉट कॉमचा फायदा सवयीचा आहे. माणसाला एक्स्टेन्शन आठवलं नाही तर तो कॉम लिहितो. परदेशी गिऱ्हाईक, गॅलरी, मासिकाचा संपादक यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. किंमतीचं गणित मात्र समजून घ्या. सप्टेंबर २०२४ पासून डॉट कॉमची घाऊक, म्हणजे विक्रेत्यालाच पडणारी, किंमत वर्षाला १०.२६ डॉलर आहे. त्यावर विक्रेत्याचा वाटा आणि १८ टक्के जीएसटी. म्हणून पहिल्या वर्षाला ९९ रुपयांची जाहिरात दिसली तर ती पहिल्या वर्षापुरतीच आहे. नूतनीकरणाचा दर बघूनच विक्रेते ताडून पहा.

डॉट इन हे भारताचं राष्ट्रीय एक्स्टेन्शन, २००५ पासून सर्वांना खुलं, आणि डॉट कॉमहून साधारण स्वस्त. गुगल त्याला भारताशी जोडून बघतो. गिऱ्हाईक पुणे, नाशिक, मुंबई, पणजीचं असेल तर हे उपयोगाचंच आहे. कामाचा मोठा भाग दुबई किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरांत जात असेल तर डॉट कॉम सरस. डॉट इन घेताना ओळखपत्राची पडताळणी मागितली जाऊ शकते, त्याला घाबरू नका. नाव खरंच तुमच्या नावावर आहे याचा तो पुरावाच असतो.

डॉट आर्ट २०१७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याआधी २०१४-१५ मध्ये डॉट गॅलरी, डॉट फोटोग्राफी, डॉट डिझाइन आले होते. इथे हवं ते नाव मिळण्याची शक्यता जास्त आणि पत्ता दिसायलाही देखणा. पण दोन गोष्टी खटकतात. नूतनीकरण बहुधा डॉट कॉमपेक्षा महाग असतं, आणि या नव्या एक्स्टेन्शनांच्या घाऊक दराला डॉट कॉमसारखी कराराची मर्यादा नाही. दुसरं म्हणजे फोनवर ‘डॉट आर्ट’ सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, ‘आर्ट डॉट कॉम का?’ पोर्टफोलिओसाठी जोडीला ठेवायचं असेल तर जरूर घ्या, ईमेलसाठी मात्र कॉम किंवा इन.

डॉट भारत देवनागरीत आहे. २०१४ मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून त्यात मराठी आणि कोकणीही लिहिता येतात. स्पेलिंगचा वर सांगितलेला सगळा घोळ इथे संपतो, ‘ळ’ ‘ळ’च राहतो. मराठी सुलेखन करणाऱ्यासाठी, बालनाट्याच्या संस्थेसाठी, दिवाळी अंकासाठी मला हे मनापासून आवडतं. पण अजून त्यावर एकट्यावर विसंबू नये. अनेक फॉर्म अशा पत्त्यांचा ईमेल स्वीकारत नाहीत, आणि पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की तो एक्सएन ने सुरू होणारी अगम्य रोमन अक्षरं होऊन बसतो. रोमन डोमेन मुख्य ठेवा, देवनागरी त्यावर वळवा आणि पोस्टरवर देवनागरीच छापा. पोस्टर वाचणारा मराठीच असेल.

डॉट आयओ, डॉट एमई यांसारखी दोन अक्षरी एक्स्टेन्शन्स मुळात देशांची किंवा प्रदेशांची आहेत, तिथले नियम तुमच्या हातात नाहीत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटनमधल्या लोकांची डॉट ईयू, म्हणजे त्या संघाच्या एक्स्टेन्शनची, नावं निलंबित झाली. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

फुकटच्या पत्त्याचं काय

नवशिक्याने इन्स्टाग्राम किंवा वर्डप्रेसच्या फुकट पत्त्यावर सुरुवात करण्यात गैर नाही. काम दाखवायला पैसे लागू नयेत, हे मला मान्य आहे. पण जून २०२० मध्ये सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली तेव्हा टिकटॉकवरच्या गावोगावच्या मराठी कलाकारांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं होतं. स्वतःचं डोमेन असेल तर ते सध्या इन्स्टाग्रामवर वळवून ठेवा. उद्या दुसरीकडे न्यायचं झालं, तर छापलेलं कार्ड बदलावं लागत नाही. डॉट टीकेसारखी फुकट डोमेन्स मात्र घेऊ नका. ती वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि पुढे तो व्यवसायच सोडला.

खातं कुणाचं

नाव आणि एक्स्टेन्शनवर महिनाभर विचार करणारी माणसं नोंदणी मात्र वेबसाइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलावर सोपवतात. तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नाव घेतो. मनात काही वाईट नसतं. दोन वर्षांनी तो बंगळुरूला नोकरीला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाचे ईमेल कुणी बघत नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवस साध्या शुल्कात नाव परत मिळतं, मग ३० दिवस मोठा दंड भरून, त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. चांगली नावं उचलायला लोक टपलेले असतात.

म्हणून रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं, खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर हवं. होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, दुसऱ्याकडे असलं तरी चालतं, त्याने दिलेली डीएनएसची माहिती (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद) फक्त तुमच्या खात्यात भरायची असते. सध्या नाव दुसऱ्याच्या खात्यात असेल तर ट्रान्सफर कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला लागणारा गुप्त शब्द, मागून घ्या. नोंदणीनंतर किंवा आधीच्या बदलीनंतर ६० दिवस डॉट कॉम हलवता येत नाही, त्यामुळे मुदत संपायच्या महिन्यात हे काम काढू नका. आणि परदेशी रजिस्ट्रार असेल तर आपोआप नूतनीकरणावर भरवसा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा, म्हणजे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीच्या परवानगीचा, नियम ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाल्यापासून भारतीय कार्डांवरची अशी वसुली अनेकदा अडते. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा आणि खात्याचा पासवर्ड घरातल्या एका माणसाला माहीत असू द्या.