कपाटातलेच कपडे फोनवर घालून बघायचं ॲप: कामाचं आहे, पण फिटिंगचं विचारू नका

स्वतःचा एक पूर्ण उभा फोटो टाकायचा, मग एकेक कपडा सपाट पसरून त्याचे फोटो काढायचे, मागचं बॅकग्राउंड ॲप आपोआप काढून टाकतं आणि मग कुठला शर्ट कुठल्या पँटवर कसा दिसतो ते काही सेकंदात समोर. रंगांच्या जोड्या बघायला खरंच भारी, माझा मोहरी रंगाचा शर्ट गडद हिरव्या पँटवर जाईल हे मला सुचलंच नसतं.

पण फिटिंगच्या बाबतीत सगळी बोंब. ते काही माप घेत नाही, फोटो बघून नवीन चित्र बनवतं, त्यामुळे जी जीन्स कमरेला बसतच नाही तीसुद्धा मस्त बसलेली दाखवतं (तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणा). बारीक चौकडी खांद्यापाशी वितळल्यासारखी होते, टीशर्टवरची अक्षरं वाचता येत नाहीत, आणि जॅकेटची चार बटणं होती त्याची पाच झाली! लिनन काय आणि जाड कॉटन काय, अंगावर पडलेलं दिसतं सगळं सारखंच.

कपड्यांचे फोटो काढायचा मात्र जाम कंटाळा येतो, दिवसाउजेडी काढा नाहीतर रंग बदलतो. आणि आपला फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो, तेव्हा डिलीटचा ऑप्शन आहे का ते आधी बघा. माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार.