पुण्यातील लॅटिन संगीत महोत्सव: निवड उत्तम, क्रम चुकलेला

पुण्यात दर हिवाळ्यात भरणाऱ्या या लॅटिन संगीत महोत्सवाकडे आजवर साल्सा शिकणाऱ्यांचा मेळावा म्हणूनच पाहिले जात असे. ध्वनिमुद्रित गाणी, त्यांवर नृत्य आणि अखेरीस डीजे, हा त्याचा ठरलेला आराखडा होता. यंदा आयोजकांनी प्रत्यक्ष वाजवणारे चार संच बोलावले, आणि क्यूबा, कोलंबिया व ब्राझील यांच्या संगीतातील फरक कोणत्याही व्याख्यानाशिवाय कानांनाच कळावा, इतक्या विचाराने त्यांची निवड केली. या निवडीसाठी आयोजकांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे.

आरंभ क्यूबाच्या ‘सोन’ या नृत्यसंगीत-प्रकाराने झाला. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात हवानामध्ये रुळलेली सात जणांच्या संचाची रचना या मंडळींनी जशीच्या तशी ठेवली होती: गिटार, तारांच्या तीन जोड्यांचे त्रेस, कॉन्ट्राबास, बोंगो (हाताने वाजवायचे जोडढोल), मराकास (खुळखुळे), क्लाव्हे आणि ट्रम्पेट. क्लाव्हे म्हणजे एकमेकींवर वाजवायच्या दोन लाकडी दांड्या. त्यांचे पाच आघात तीन आणि दोन असे विभागून येतात आणि सारा संच त्यांना बांधलेला राहतो. बास मात्र पुष्कळदा पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि तिच्या आधीच पुढच्या स्वरावर जाऊन पोचतो. समेवर मान हलवणाऱ्या आपल्या श्रोत्यांची येथे गफलत झाली व टाळ्या भलत्याच ठिकाणी पडू लागल्या. तेव्हा गायकाने क्लाव्हेवादकाला पुढे बोलावून तो ठेका काही वेळ एकट्यानेच वाजवायला लावला आणि मग त्यावर एकेक वाद्य चढवत नेले. पुढे मोंतुनो आला, म्हणजे गायकाने उत्स्फूर्त ओळ टाकावी आणि साथीदारांनी ठरलेल्या ओळीने उत्तर द्यावे असा भाग, तोवर मैदानातील निम्मे लोक अचूक ठेका धरू लागले होते. श्रोत्याला असे हाताला धरून आत नेणारा कलाकार पहिला ठेवणे ही या कार्यक्रमातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

सर्वांत धाडसी निवड मात्र कोलंबियाच्या कॅरिबियन किनारपट्टीवरील गाइता-संगीताची होती. कुंबिया, म्हणजे कोलंबियाची नृत्यसंगीत-शैली, म्हटली की अ‍ॅकॉर्डियन किंवा इलेक्ट्रॉनिक ठेके आठवतात. येथे तिचे जुने, ग्रामीण रूप समोर आले. गाइता ही निवडुंगाच्या पोखरलेल्या खोडाची लांब बासरी असून तिचे डोके मेणात कोळशाची पूड कालवून घडवतात आणि फुंकण्यासाठी त्यात पक्ष्याच्या पिसाची नळी बसवतात. पाच छिद्रांची मादी गाइता चाल वाजवते. दोन छिद्रांची नर गाइता तिला आधार देते आणि तिचा वादक मोकळ्या हाताने मराका हलवत राहतो. ल्यामादोर हा लहान ढोल उलट्या मात्रेवर एकच आघात अखंड देतो आणि त्याच्या भरवशावर आलेग्रे हा दुसरा ढोल मनसोक्त बोलतो. लेहऱ्यावर एकल तबला ऐकत आलेल्या पुणेकराला ही कामाची वाटणी समजावून सांगावी लागली नाही.

ब्राझीलच्या बोसा नोव्हा या सांबातून आलेल्या संगीतप्रकाराच्या जोडीविषयी फार लिहिता येत नाही, कारण ती नीट ऐकूच आली नाही. अंगठ्याने सांबाच्या मोठ्या ढोलाचा ठोका धरायचा आणि बोटांनी त्याला छेद द्यायचा, ही ब्राझीलचे गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांनी घडवलेली गिटारची शैली शांततेवर उभी असते. खाद्यपदार्थांच्या दालनांमागील जनरेटरने ती शांतता मिळू दिली नाही.

खरी तक्रार शेवटच्या संचाबद्दल, किंबहुना तो शेवटी ठेवल्याबद्दल आहे. ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, पियानो आणि काँगा, बोंगो, टिंबालेस ही तालवाद्ये असा मोठा साल्सा ऑर्केस्ट्रा रात्री नऊच्या सुमारास मंचावर आला. एवढ्या वाद्यांचे मायक्रोफोन जुळवण्यात बराच वेळ गेला आणि रंग भरू लागला तेवढ्यात दहा वाजले. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको; सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलीही याच नियमामुळे आवरत्या घ्याव्या लागल्या. मग ज्यांची तयारी सर्वांत वेळखाऊ, त्यांना सर्वांत शेवटी का ठेवावे? ऑर्केस्ट्राची ध्वनिचाचणी दुपारी उरकून त्याला सातला बसवले असते आणि बोसा नोव्हाची जोडी, जनरेटरपासून दूर, अखेरीस ठेवली असती, तर दोघांनाही न्याय मिळाला असता. मधल्या वेळेतील डीजेचे सत्रही निम्म्यावर आणता आले असते. नाचणाऱ्यांना त्या दिवशी वाजवणारे हात उपलब्ध होते.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. छापील पत्रिकेत केवळ मुख्य गायकांची नावे होती. तबलजी आणि पेटीवाले यांची नावे मैफलीच्या सुरुवातीलाच आदराने सांगण्याचा या शहराचा शिरस्ता आहे. ज्या संगीताचा सारा डोलारा तालवादकांवर उभा आहे, त्यात काँगा, टिंबालेस आणि आलेग्रे वाजवणारे निनावी राहू नयेत. पुढील वर्षीच्या पत्रिकेत त्यांची नावे गायकांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत.