मुलासाठी इन्सुलिन पेन की पंप?

टाइप 1 मधुमेह झालेल्या मुलाला इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते, त्यामुळे आईवडिलांपुढचा प्रश्न ते कोणत्या साधनाने द्यावे एवढाच असतो. पेनने दिवसाला चार-पाच इंजेक्शने किंवा अंगाला जोडलेला पंप, हे त्याचे दोन मुख्य मार्ग. पंप बसवला की निम्मी काळजी मिटली, असा समज सर्रास आढळतो. तो मला पटत नाही. पंपामुळे घरातले काम कमी होत नाही, ते बदलते, आणि ते बदललेले काम आपल्याला झेपेल का, हे आधी पाहावे.

पेनच्या पद्धतीत दोन प्रकारचे इन्सुलिन लागते. ग्लार्जिनसारखे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन दिवसातून एकदा दिले की जेवणखाण पोटात नसतानाही शरीराला जे थोडे इन्सुलिन लागत राहते, त्याची सोय जवळपास 24 तास होते. लिस्प्रो किंवा अस्पार्ट यांसारखे जलद इन्सुलिन मात्र प्रत्येक जेवणाआधी द्यावे लागते आणि त्याचा परिणाम साधारण तीन ते पाच तास टिकतो. पंपात फक्त हे जलद इन्सुलिनच भरतात. ते त्वचेखाली बसवलेल्या कॅन्युलातून, म्हणजे बारीक लवचिक नळीतून, दिवसरात्र अगदी थोडे थोडे जात राहते आणि जेवणाच्या वेळी बटण दाबून जादा डोस दिला जातो.

पंपाची खरी सरशी दिसते ती लहानग्यांच्या बाबतीत. दिवसाला एकूण 8 युनिट इन्सुलिन लागणारे तीन वर्षांचे मूल घ्या. 1800 ला रोजच्या एकूण डोसने भागण्याचा प्रचलित ठोकताळा लावला, तर एका युनिटने त्याची रक्तातली साखर दर डेसिलिटरमागे सुमारे 225 मिलिग्रॅमने उतरते. मुलांसाठीच्या पेनमध्ये सहसा अर्ध्या युनिटपेक्षा लहान टप्पा नसतो, म्हणजे डायल एका खुणेने पुढेमागे झाली तरी शंभराहून अधिक मिलिग्रॅमचा फरक पडतो. पंपातून 0.05 युनिटसारखा सूक्ष्म डोसही देता येतो. शिवाय इंजेक्शन घेऊन झाल्यावर दोन घास खाऊन ताट सरकवणाऱ्या मुलाच्या शरीरातून दिलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. मग साखर 70 च्या खाली जाऊ नये म्हणून रस पाजत, विनवण्या करत बसावे लागते. पंप असेल तर थोडा डोस आधी आणि उरलेला खाणे पाहून, असे टोचल्याशिवाय करता येते. वयात येणाऱ्या मुलांची साखर पहाटे चढते, तेव्हा तेवढ्या तासांपुरता वेग वाढवण्याची सोयही पंपातच आहे.

आता दुसरी बाजू, जी पुरेशी सांगितली जात नाही. पंपावरच्या मुलाच्या शरीरात दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसतो. झोपेत कॅन्युला दुमडली किंवा निसटली, तर काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागले की रक्तात येणारी आम्लधर्मी द्रव्ये, वाढू लागतात आणि वेळीच लक्ष गेले नाही तर कीटोअॅसिडोसिसपर्यंत, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्यापर्यंत आणि रुग्णालयात दाखल करण्यापर्यंत, पाळी येऊ शकते. पेनवरच्या मुलाचा जेवणाचा एखादा डोस चुकला तर साखर चढते खरी, पण आदल्या दिवशी दिलेले दीर्घ इन्सुलिन काही प्रमाणात तरी सांभाळून घेते. म्हणून पंप हवा असेल, तर कारण न समजता चढलेली साखर दिसताच कीटोन तपासणारे, आधी पेनने डोस देऊन मग कॅन्युला बदलणारे माणूस घरात हवे. दर दोन-तीन दिवसांनी कॅन्युला बदलायचीच असते, आणि तीही दर वेळी नव्या जागी, कारण एकाच जागेच्या सततच्या वापराने त्वचेखाली गाठी होतात व तिथे इन्सुलिन नीट शोषले जात नाही. हा नियम पेनलाही लागू आहे.

अंगावर लावलेल्या, साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेले नवे पंप साखर उतरू लागली की इन्सुलिन आपोआप कमी करतात किंवा थांबवतात, आणि रात्रीच्या झोपेसाठी ही मोठी सोय आहे. तरीही जेवणातली कर्बोदके मोजून पंपाला सांगण्याचे काम बहुतेक पंपांत माणसाकडेच राहते. ज्याला हे मोजणे पेनवर जमलेले नाही, त्याला ते पंपावर आपसूक जमणार नाही. निदान नुकतेच झाले असेल, तर माझा कौल आधी पेनला आहे: मोजणी, इंजेक्शन आणि आजारपणातले नियम घरातल्या निदान दोघांच्या अंगवळणी पडू द्यावेत. डोस अगदी लहान असलेले मूल किंवा वारंवार साखर उतरणारे मूल असेल, तर मात्र पंपाचा विचार लांबवू नये.

मोठ्या मुलाचे मत इथे निर्णायक मानावे. अंगावर सतत यंत्र नको असणारा मुलगा ते कपड्यांत लपवतो, काढून ठेवतो. उलट चारचौघांत सुई टोचून घ्यायला संकोचणारी मुलगी पेनचे डोस चुकवते.

पंप घेतला तरी पेन घरातून हलवू नयेत. पंप बंद पडल्यास दीर्घ इन्सुलिन किती युनिट आणि कधी द्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे, मूल वाढेल तसा तो आकडा बदलून घ्यावा आणि फ्रिजमधल्या त्या पेनची मुदत अधूनमधून तपासावी.