सागवानी इलेक्ट्रिक पॅनल: शिडाच्या बोटीवर एक पावसाळा आणि एक सीझन काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकालच सांगतो, कारण बरेच जण तेवढंच विचारतात. लाकडी पॅनल (बोटीतले दिवे, पंप, रेडिओ यांचे स्विच आणि फ्यूज एकत्र बसवलेला बोर्ड) बोटीवर टिकतंय, खाऱ्या हवेत पण टिकतंय, फक्त लाकूड दर्शनी भागाला आणि चौकटीलाच वापरायचं, करंट वाहणारी एकही वस्तू थेट लाकडावर स्क्रूने बसवायची नाही. एवढं पाळलं तर तयार प्लास्टिक पॅनलपेक्षा हे कितीतरी चांगलं, आणि पाळायचं नसेल तर करूच नका असं माझं स्पष्ट मत.

आता सविस्तर. बोट माझी आणि मामेभावाची मिळून, २७ फुटी फायबरची जुनी शिडाची बोट, गोव्यात नदीत नांगरलेली असते. आम्ही दोघं बेळगावात, म्हणजे बोट बघायची म्हटलं तरी चोर्ला घाट उतरून अडीच-तीन तास. रिफिट (बोटीची मोठी दुरुस्ती) काढलं तेव्हा जुनं वायरिंग सगळं काळं-हिरवं पडलेलं, काही वायरी कुठून येतात आणि कुठं जातात तेच कळत नव्हतं आणि आधीच्या पॅनलचे प्लास्टिकचे स्विच दाबले की आत जायचे ते बाहेरच यायचे नाहीत. नवीन तयार पॅनल बघितलं, पण बोटीच्या आतली ती भिंत कुठंच काटकोनात नाही, वर रुंद खाली निमुळती आणि मागं हलची (बोटीच्या बाहेरच्या कवचाची) गोलाई, त्यामुळं तयार चौकोनी पॅनल लावलं असतं तर अर्धी जागा वाया आणि मागं हात घालायला वाव नाही. म्हणून ठरवलं की बेळगावातच बनवून घ्यायचं.

इथं बनवायचा मोठा फायदा सांगतो. सगळं पॅनल घरी टेबलावर पूर्ण वायरिंग करून, बॅटरी लावून, प्रत्येक लाइन बल्ब लावून टेस्ट करता आलं. बोटीवर वाकून, घामाघूम होऊन, डोक्यावर टॉर्च बांधून करायचं काम फक्त टर्मिनल जोडण्यापुरतं उरलं. त्यासाठी पॅनलच्या खालच्या कडेला टर्मिनल पट्टी ठेवली, बोटीतून येणाऱ्या सगळ्या वायरी तिथंच संपतात, म्हणजे उद्या पॅनल काढून परत बेळगावला आणायचं झालं तरी बोटीचं वायरिंग हलवावं लागत नाही. ज्यांची बोट घरापासून लांब आहे त्यांनी हे नक्की करा. माप मात्र टेपने घेऊन भागत नाही, जाड पुठ्ठा कापत कापत त्या भिंतीला चपखल बसवला आणि तो पुठ्ठाच सुतार मेस्त्रींच्या हातात दिला.

लाकडाचं. नवीन सागवान आपल्याकडं खानापूर, दांडेलीकडून येतंय, पण ओलं असलं तर पुढं वाकतंय, आणि पुरतं वाळवून घ्यायला वेळ लागतोय. मेस्त्रींनी जुन्या घराच्या चौकटी विकणाऱ्याकडून तुकडे आणले, पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, खिळे शोधून काढावे लागले तेवढंच. चौकट आणि दाराची फ्रेम त्या सागवानाची, मधला पत्रा बसवायचा भाग १२ मिलिमीटर मरीन प्लायचा, त्याच्यावर सागाचं व्हिनियर. प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघा, आयएस ३०३ वालं नको, ते फर्निचरसाठी ठीक आहे. सागात नैसर्गिक तेल असतंय त्यामुळं चिकटवण्याआधी जोड अॅसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावली, जोड अजून घट्ट आहेत, कुठं फट नाही.

मी मेस्त्रींना म्हटलं होतं सगळं एकदम टाइट बसवा, बोट हलतेय. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "दादा, लाकूड पण हलतंय ओ. पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात आकसतंय, त्याला जागा सोडा नायतर ते आपली जागा आपणच करून घेतंय." म्हणून चौकट भिंतीला धरणाऱ्या स्क्रूंची भोकं आडव्या दिशेने लांबट केली, वॉशर टाकून. लाकूड रेषेच्या, म्हणजे धाग्यांच्या, दिशेने जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने हलतंय, आणि हे माहीत असलेला सुतार मिळणं हेच ह्या कामातलं अर्धं यश. पावसाळ्यानंतर बोट उघडली तर दार आपल्या आपण सहज उघडलं, कुठं घासत नव्हतं. बाजूचं जुनं कपाटाचं दार मात्र फुगून अडकलेलं.

स्विच आणि ब्रेकर (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारे स्विच) लाकडात बसत नाहीत हे आधी लक्षात घ्या, ते पातळ पत्र्यासाठी बनवलेले असतात, १२ मिलिमीटर जाडीत त्यांची क्लिप पकडत नाही. त्यासाठी उद्यमबागेतल्या एका लेझर कटिंगवाल्याकडून ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमचा पत्रा कापून घेतला, पावडर कोटिंग केलं, आणि तो पत्रा लाकडी चौकटीत बसवला. ड्रॉइंग नीट दिलं तर भोकं केसभर पण इकडं-तिकडं होत नाहीत. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉपचं एवढं काम चालतंय की असलं छोटं काम कोण करणार असं वाटत होतं, पण करून दिलं आणि लवकर दिलं. नावं मराठीत कोरून घेतली, "मास्टदिवा" (डोलकाठीवरचा दिवा), "केबिन", "पाणी पंप", "रेडिओ". बोटीवर मदतीला येणारा पोरगा आता न विचारता बरोबर स्विच दाबतो, पूर्वी प्रत्येक वेळी वर ओरडून विचारायचा.

आता मागची बाजू, आणि खरं पॅनल ते तिकडचंच आहे, पुढचं नुसतं दार. लाकडाच्या मागं २० मिलिमीटर अंतर सोडून हायलमची (करंट न जाऊ देणारी कडक लॅमिनेटची) शीट बसवलीय, बस बार (बऱ्याच वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी), फ्यूज ब्लॉक, टर्मिनल सगळं त्याच्यावर. कारण सांगतो. कोरडं लाकूड १२ व्होल्टला करंट जाऊ देत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण मिठाचा थर बसलेलं आणि ओल धरलेलं लाकूड थोडा थोडा करंट वाहू देतंय, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतंय. शिवाय एखादं टर्मिनल सैल झालं की तिथं उष्णता तयार होते आणि ते लाकडावर असलं तर लाकूड हळूहळू जळत जातंय, धूर दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. हायलम, मधे हवा आणि मग लाकूड, ह्यात तो धोका बराच कमी होतो. वर आणि खाली हवेसाठी भोकं ठेवलीत.

ब्रेकरबद्दल सगळ्यात जास्त वाद झाला. आमचा इलेक्ट्रिशियन चांगला माणूस, घरातली कामं एक नंबर करतो, पण म्हणाला "साहेब, घरातलं एमसीबी टाकूया की, स्वस्त पण पडतंय." घरचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळं स्विच उघडताना पडणारी ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीच्या डीसीत तो शून्य येतच नाही. म्हणून ब्रेकरवर डीसीचं रेटिंग स्पष्ट लिहिलेलं असलं तरच घ्या, नाहीतर राहू दे. आणि लिथियम बॅटरी असेल, आमची १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे, तर शॉर्ट झाल्यावर करंट इतका जातो की मुख्य फ्यूज तेवढा तोडू शकणारा हवा, आम्ही क्लास टी प्रकारचा फ्यूज टाकलाय. तो बॅटरीच्या अगदी जवळ. अमेरिकेत बोटींची मानकं ठरवणाऱ्या एबीवायसीच्या नियमात साधारण ७ इंचाच्या आत सांगितलंय, वायर पाइपातून वगैरे नेली तर जास्त अंतर चालतं.

बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी बाहेर फेकणारा) मास्टर स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजवर, थेट बॅटरीला. आम्ही आठवडेच्या आठवडे बेळगावात असतो, मास्टर बंद करून येतो, पाणी आत आलं तर पंप आपोआप चालला पाहिजे. पॅनलवर त्याचा फक्त हाताने चालवायचा स्विच आणि एक दिवा, तो दिवा लागला की कळतं पंप चालतोय. ह्या एका गोष्टीवर भावाशी थोडं वाजलं होतं, "मास्टर बंद म्हणजे सगळं बंद पाहिजे की रे," असं त्याचं म्हणणं, पण नंतर पटलं.

वायरीबद्दल इथल्या लोकांसाठी एक खास सांगायचंय. टिन लावलेली तांब्याची वायर खडेबाजारच्या दुकानात मागितली तर बहुतेक ठिकाणी "तसली नाही" असंच ऐकायला मिळतं, घरगुती वायरीचं तांबं उघडं असतंय आणि समुद्रावर काळं पडतंय. पण सोलरवाल्यांच्या दुकानात डीसी सोलर केबल मिळते, ४ आणि ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची), लाल आणि काळी, आतलं तांबं टिन लावलेलं. जरा कडक असते, कोपऱ्यात वळवताना त्रास देते, पण आमच्या मुख्य लाइन सगळ्या त्याच केल्यात आणि आता टोकं उघडून बघितली तर चकचकीत आहेत.

जाडीत कंजूषी नको. १२ व्होल्टला प्रत्येक पॉइंट महत्त्वाचा. समजा पॅनलपासून पुढच्या टोकाला १० मीटर आणि तिथली वस्तू ५ अँपिअर घेते, तर जायची-यायची मिळून २० मीटर वायर. २.५ स्क्वेअरची घेतली तर साधारण ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर, आणि ६ स्क्वेअरची घेतली तर ०.३३ व्होल्ट, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. नेव्हिगेशन दिव्यांना आणि मुख्य फीडरला तीन टक्के हीच मर्यादा धरतात, पंखा-बिंखा असेल तर दहा चालतात. पूर्वी मास्टवरचा दिवा पिवळट मिणमिणायचा, आता नदीच्या तोंडापासून स्वच्छ दिसतोय असं शेजारच्या मच्छीमाराने सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं.

जोड सगळे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून, वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). नुसतं सोल्डर नको, सोल्डर जिथं संपतंय तिथं वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथंच तुटते. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकाला फेरूल नंबर (वायरीवर चढवायचं नंबरचं कडं), आणि त्याचा नकाशा लॅमिनेट करून दाराच्या आतल्या बाजूला. पॅनलमध्ये शिरणारी प्रत्येक वायर आधी खाली झोका घेऊन मग वर चढते, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी त्या झोक्यातून खाली टपकतं, आत शिरत नाही. एकदा हॅचमधून (छतावरच्या झडपेतून) चांगलंच पाणी आलं होतं, दाराच्या बाहेरच्या बाजूवर ओघळ दिसले, आत टर्मिनल पट्टी कोरडी ठणठणीत.

काय पटलं नाही ते पण सांगतो. दाराचं लांब बिजागर दुकानदाराने ३१६ स्टील म्हणून दिलं, चुंबक लावून दाखवलं की बघा चिकटत नाही. पण ३०४ ला पण चुंबक चिकटत नाही, त्यामुळं त्या टेस्टने ३०४ की ३१६ हे कळतच नाही. पावसाळ्यातच त्याच्यावर तपकिरी ठिपके आले, सागावर डाग उतरला. बदलायला लागणार, आणि ह्या वेळी बिल आणि ग्रेडचं सर्टिफिकेट दोन्ही मागणार. दुसरं, स्विचमधले निळे एलईडी. दिवसा छान दिसतात, रात्री डोळ्यात घुसतात आणि बाहेरच्या अंधाराला सरावलेली नजर पुन्हा जुळायला वेळ लागतो. त्यांच्यावर सध्या लाल फिल्म चिकटवलीय, ऑर्डर देताना लालच मागा. तिसरं, निगेटिव्ह बस बारचे काही स्क्रू इंजिनच्या हादऱ्याने ढिले झालेले सापडले, तर सीझन सुरू होताना आणि मधे एकदा प्रत्येक स्क्रू हाताने तपासायचा. स्प्रिंगवाले टर्मिनल घेतलेत तिथं ही भानगड नाही.

पॉलिशला आतून-बाहेरून दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) मारलंय. पावसाळ्यात बोट वर काढून ताडपत्री घातलेली, आत कुबट वास आणि कुशनवर बुरशी, पण पॅनलवर नुसता पांढुरका थर होता, ओल्या फडक्याने गेला. कडेला जिथं स्क्रूने पीयू फोडलंय तिथं मात्र लाकूड काळसर व्हायला लागलंय, तिथं भोकाच्या आत इपॉक्सी भरून मग स्क्रू मारायला हवा. कोणी तेलाने फिनिश करणार असेल, जवसाचं तेल वगैरे, तर पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

खर्चाचं म्हणाल तर इम्पोर्टेड तयार पॅनलपेक्षा फार वाचला असं नाही, लाकूड आणि सुतारकाम सगळ्यात कमी, पैसे गेले ते ब्रेकर, फ्यूज आणि वायरीत. वजन पण जास्त आहे. पण बिघाड शोधायला पूर्वी अख्खी दुपार जायची, आता दार उघडायचं, नंबर बघायचा, मीटर लावायचा की झालं.

बोट लावायच्या धक्क्यावरून २३० व्होल्ट घ्यायची लाइन पुढच्या वर्षी करायचीय. ती ह्या दारात अजिबात येणार नाही, वेगळा धातूचा बंद डबा, वेगळ्या भिंतीवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसकट (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). १२ व्होल्टचं दार उघडून हात घालणाऱ्याला बाजूलाच २३० व्होल्ट असता कामा नये, आणि ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घेणार. मेस्त्रींना चौकटीसाठी आत्ताच सांगून ठेवलंय, ते म्हणाले डब्याचं माप द्या, सागाचा तुकडा शिल्लक आहे.