एफटीआयआय की थेट सेट? कॅमेऱ्यामागे जायच्या दोन वाटा

एफटीआयआयच्या, म्हणजे पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या, प्रवेशपरीक्षेची जाहिरात आली की दर वर्षी मला चार-पाच फोन येतात. कधी सांगलीहून, कधी नांदेडहून, एकदा मडगावहून. प्रश्न एकच. "दादा, सिनेमॅटोग्राफर व्हायचंय. एफटीआयआयचा फॉर्म भरू, की मुंबईला येऊन कुणाला तरी असिस्ट करायला लागू?" मी दुसऱ्या वाटेनं आलो. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण पहिल्या वाटेनं आली. गेली पंधरा वर्षं आम्ही एकमेकांचं काम बघतोय, एकमेकांच्या अडचणी ऐकतोय. त्या जोरावर ही तुलना लिहितोय.

मोठी नावं बघून हा प्रश्न सुटत नाही, हे आधीच सांगतो. सत्यजित राय यांचे सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी 'पथेर पांचाली'च्या आधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार बंगालमध्ये 'द रिव्हर'चं चित्रीकरण करत होते, तेव्हा तिथं जाऊन बसायचं आणि दिवे कुठं लावलेत याच्या आकृत्या वहीत उतरवायच्या, एवढीच त्यांची शाळा. आणि याच माणसानं १९५६ साली 'अपराजितो'साठी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या अंगणावर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि परतून येणाऱ्या मऊ उजेडात चित्रीकरण केलं. आज कुठल्याही सेटवर थर्माकोलची शीट धरून उभा असलेला लाइटमन तेच करत असतो.

व्ही. के. मूर्ती यांची गोष्ट उलटी. त्यांनी बंगळूरच्या पॉलिटेक्निकमध्ये सिनेमॅटोग्राफीचा रीतसर डिप्लोमा केला आणि तरीही नंतर सिनेमॅटोग्राफर फली मिस्त्रींच्या हाताखाली उमेदवारी केली. 'बाजी'च्या सेटवर ते सहायक होते. एक अवघड शॉट त्यांनी दिग्दर्शक गुरुदत्तना सुचवला आणि स्वतः कॅमेरा हातात घेऊन करून दाखवला. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, 'जाल'चे छायालेखक, म्हणजे सिनेमॅटोग्राफर, म्हणून त्यांचं नाव लागलं. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायालेखक. के. के. महाजन १९६६ साली पुण्याच्या संस्थेतून बाहेर पडले आणि तीनच वर्षांत 'भुवन शोम', 'उसकी रोटी' आणि 'सारा आकाश' त्यांच्या नावावर होते. अशोक मेहतांनी कुठल्याच संस्थेचं तोंड पाहिलं नव्हतं. ते स्टुडिओतली पडेल ती कामं करत वर आले आणि '३६ चौरंगी लेन'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेले. चौघांच्या चार तऱ्हा.

मग फरक कशात आहे? माझ्या मते एकाच गोष्टीत: चूक करायला कुठं मिळते, आणि ती कुणाच्या खर्चानं.

चुकायची जागा

माझी चूक सांगतो. तेव्हा मी फोकस पुलर होतो, म्हणजे नट हलेल तसा लेन्सचा फोकस जुळवत राहणारा सहायक. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं, नट कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर. अशा वेळी फोकसमध्ये राहणारी जागा जेमतेम दोन सेंटिमीटर असते. डोळे धारदार दिसत असताना कान विरघळलेले असतात. जमिनीवर टेपनं मार्क केलेला होता. पण त्या टेकला नट भरात आला आणि मार्काच्या वीतभर पुढं येऊन थांबला. माझा हात मागं राहिला. त्याचा तोच सगळ्यात चांगला टेक होता. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी फॉलो फोकसवर, म्हणजे फोकस फिरवायच्या चाकावर, दुसरा मुलगा उभा होता, आणि पुढं दोन वर्षं मी क्लॅप आणि लेन्सच्या पेट्यांकडे.

मैत्रिणीची चूक याहून मोठी होती. संस्थेतल्या एका एक्सरसाइजमध्ये तिनं रात्रीचा प्रसंग इतका अंधारा ठेवला की पडद्यावर माणसंच दिसेनात. अख्खा वर्ग आणि शिक्षकांसमोर ते दाखवलं गेलं, तासभर चिरफाड झाली. पुढच्या एक्सरसाइजला ती पुन्हा कॅमेऱ्यामागेच होती. तिथं काळोख किती खोल ठेवला तर चेहरा हरवत नाही, हे ती तेव्हा शिकली. मला स्वतःच्या जबाबदारीवर काळोख करायची पहिली संधी मिळाली तेव्हा मी चौतिशीत होतो.

संस्थेची खरी किंमत मी इथं मानतो. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या या संस्थेत तुम्ही पहिल्या वर्षापासून स्वतःचा उजेड लावता. तो कसाही असला तरी तुमचा असतो. सविता सिंग यांना ज्या 'क्रमश:'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ती तिथली डिप्लोमा फिल्मच होती. शेजारीच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यामुळे सकाळी दिवे लावायचे आणि संध्याकाळी जगभरच्या लोकांनी ते कसे लावले हे मोठ्या पडद्यावर बघायचं, असे दिवस लागोपाठ तीन वर्षं मिळतात. सेटवर बारा तासांच्या शिफ्टनंतर कुणी सिनेमा बघत नाही. झोपतं.

दुसरी गोष्ट सोबतीची. छायालेखकाला काम देतो तो दिग्दर्शक, आणि संस्थेत तो दिग्दर्शक मेसमध्ये तुमच्या शेजारी जेवत असतो. दिग्दर्शक पायल कपाडिया आणि छायालेखक रणबीर दास दोघंही पुण्याचेच विद्यार्थी; मुंबई आणि रत्नागिरीत घडणाऱ्या त्यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळाला. अशी जोडी सेटवर जमतच नाही असं नाही. पण सेटवर असिस्टंट कॅमेरामनच्या आजूबाजूला असतात ते दुसरे असिस्टंट, आणि त्यांच्यातला कोण पुढं दिग्दर्शक होईल हे ओळखायला नशीब लागतं.

सेट काय देतो

आता माझ्या वाटेची बाजू. ती कमी नाही.

सेट तुम्हाला हात देतो. लेन्स पंधरा सेकंदांत बदलणं, ढग येताना एक्स्पोजर, म्हणजे चित्रावर पडणारा उजेड, कसं सरकेल हे मान वर करूनच ओळखणं, गॅफरला (दिव्यांच्या प्रमुखाला) काय म्हटलं की तो चिडत नाही, ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाशी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं. संस्थेतून आलेल्या भल्याभल्यांना पहिल्या व्यावसायिक सेटवर ऐंशी-शंभर माणसं आपल्याकडे बघतायत हे पेलत नाही. मैत्रीण स्वतः सांगते, पहिल्या सिनेमात तिला उजेडाची भीती नव्हती, घड्याळाची होती. पाच वाजता सूर्य डोंगराआड जाणार आणि तीन शॉट बाकी, तेव्हा कुठला शॉट सोडायचा? हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. मला ते येत होतं, कारण असे शंभर सूर्यास्त मी दुसऱ्यांच्या जिवाची घालमेल बघत काढले होते.

डिजिटल आल्यावर सेटवरचं शिकणं सोपं झालंय, हेही खरं. फिल्मच्या काळात हजार फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपायचा आणि काय उमटलंय ते लॅबमधून प्रिंट आल्याशिवाय कळायचं नाही. लाइट मीटरवरचा आकडा आणि कॅमेरामनच्या डोक्यातलं चित्र यांचा मेळ असिस्टंटला लागायचा नाही. आज मॉनिटरवर सगळं समोर असतं. गॅफरनं दिव्यावर बटर पेपरचा एक थर वाढवला की गालावरची सावली कशी बदलते, हे चौथा असिस्टंटही त्याच क्षणी बघतो. बघणाऱ्याला भरपूर मिळतं. फक्त बघावं लागतं, फोनमध्ये डोकं घालून चालत नाही.

या वाटेचा दरवाजा कुठं आहे, हे मुलांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, मोठ्या छायालेखकाला मेसेज करायचा. त्या मेसेजना सहसा उत्तर येत नाही, कारण असे शेकडो येतात. खरा दरवाजा म्हणजे कॅमेरा भाड्यानं देणाऱ्या कंपन्या. कॅमेऱ्यासोबत सेटवर येणारा अटेंडंट त्यांचा माणूस असतो. तिथं सहा महिने काढले तर ॲलेक्सापासून व्हेनिसपर्यंतचे कॅमेरे हातातून जातात आणि वेगवेगळ्या छायालेखकांची युनिटं जवळून दिसतात. त्यातल्या कुणाला तुमचं काम आवडलं की पुढचा फोन तिकडून येतो. पुढं मुंबईत टिकायचं तर वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशनचं सभासदत्वही घ्यावं लागतं, त्याची चौकशी लवकर करून ठेवा.

धोका एकच आहे आणि तो मोठा आहे. चांगला फोकस पुलर झालात की लोक तुम्हाला फोकस पुलरच ठेवतात. रोजचा दर बरा मिळतो, मागणी असते, घर चालतं. वर्षं जातात. माझ्या ओळखीचे किमान पाच जण असे आहेत, ज्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे आणि ज्यांनी अजून स्वतःचा एकही सिनेमा केलेला नाही.

पैसा आणि वेळ

संस्थेत दहा-बारा जागा असतात आणि कुठल्याही शाखेची पदवी लागते. बारावी झालेल्यांसाठी हा प्रश्न आज नाहीच. आधी पदवी करा, विषय कुठलाही चालेल. अभ्यासक्रम कागदावर तीन वर्षांचा आहे, पण पूर्वीच्या अनेक तुकड्यांचा तो बराच लांबला. त्या काळात कमाई शून्य. २०२५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे नियम बदलत राहतील. फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाचा, माझं किंवा कुणाचं जुनं बोलणं नको. रंगांधळेपणामुळे मागं हटलेला एखादा मुलगा हे वाचत असेल तर त्यानं हेही ध्यानात घ्यावं, की रंगांधळ्यांना प्रवेश न देण्याची अट सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये दूर करायला सांगितली आहे.

सेटवर पहिल्या दिवसापासून पैसे मिळतात, पण हातात यायला तीन-तीन महिने लागतात आणि पावसाळ्यात काम आटतं. मुंबईत भाडं दर महिन्याला द्यायचं असतं. गाठीशी निदान सहा महिन्यांचा खर्च नसेल तर येऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

खासगी फिल्म स्कूल हा तिसरा पर्याय अनेक जण विचारतात. फी भरण्याआधी तिथं एकच विचारा: तीन वर्षांत मी स्वतः किती दिवस कॅमेरामन म्हणून उभा राहीन? उत्तर दिवसांत मिळालं नाही तर पैसे घरी ठेवा.

मुलींचा फोन आला की माझं मत थोडं बदलतं. दक्षिणेत बी. आर. विजयालक्ष्मी या छायालेखक अशोक कुमार यांच्या सहायक होत्या आणि १९८५ मध्ये स्वतंत्र छायालेखक झाल्या, म्हणजे सेटची वाट मुलींना बंद आहे असं अजिबात नाही. पण कॅमेरा विभागात एकटी मुलगी, आउटडोअर, रात्रीची शिफ्ट आणि पाठीशी कुणी नाही, हे पहिल्या वर्षी फार जड जातं. संस्थेतून आलेल्या मुलीमागं निदान तिची तुकडी उभी असते. सेटनंच जायचं असेल तर इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह या २०१७ पासून चालू असलेल्या गटातल्या कुणाकडे असिस्टंटची जागा आहे का, हे आधी बघा.

मग मी काय सांगतो

वय पंचविशीच्या आत असेल, पदवी असेल आणि घरच्यांना तीन-चार वर्षं तुमच्या पगाराची गरज नसेल, तर फॉर्म भरा. मी सेटवरून आलेला माणूस असून हे सांगतोय. दोनदा प्रयत्न करा, तिसऱ्यांदा नको. दोन परीक्षांच्या मधलं वर्ष भाड्याच्या कॅमेऱ्यांच्या कंपनीत काढा. मुलाखतीत त्याचा उपयोगच होईल.

घर तुमच्यावर अवलंबून असेल तर सेट. पण मग वर्षाला एक तरी लघुपट स्वतःच्या नावावर, स्वतःच्या उजेडात करायचाच. मित्राचा असो, दोन दिवसांचा असो, मोबाइलवर असो. मी पहिली नऊ वर्षं हे केलं नाही. मालिकेचं काम आलं तर घ्या, पैसे वेळेवर मिळतात. पण तीन कॅमेरे एकाच वेळी लागतात म्हणून तिथला उजेड सगळीकडून सारखा असतो, आणि त्याची सवय डोळ्याला फार लवकर लागते. दोन वर्षांहून जास्त सलग करू नका.

मराठीत राहावं की हिंदीत, हा फोनवरचा शेवटचा प्रश्न असतो. मराठीत पंचवीस-तीस दिवसांत सिनेमा संपवावा लागतो, दिवे कमी असतात, पण छायालेखक म्हणून पहिली संधी इथं लवकर मिळते आणि दिग्दर्शक तुमचं ऐकतो. अविनाश अरुण यांनी 'किल्ला' स्वतः दिग्दर्शित केला आणि स्वतःच चित्रित केला. २०१४ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी 'मसान'चा कॅमेरा त्यांच्याकडे होता. 'सैराट' चित्रित करणारे सुधाकर रेड्डी यक्कंटी तर तेलुगू. त्यांनी पुढं 'नाळ' मराठीतच दिग्दर्शित केला.

मागच्या वर्षी फोन करणारा मडगावचा मुलगा आता अंधेरीत एका कंपनीत अटेंडंट आहे. फॉर्मही भरलाय त्यानं. परवा त्यानं एक फोटो पाठवला: गोदामात लेन्स पुसताना खिडकीतून आलेला दुपारचा उजेड स्टीलच्या पेटीवर पडून छतावर उमटलेला. खाली फक्त विचारलं होतं, "दादा, हा असा मुद्दाम कसा करायचा?"